जागा झाला

१

"…आणि नळ तरी इतका आवळायचा कशाला? माझी मनगटं काय लोखंडाची आहेत?"

"मी नाही आवळला."

"मग मीच आवळला असेल. झोपेत चालत आले, आवळला, आणि आता पक्कड घेऊन स्वतःशीच कुस्ती खेळतेय. तुमचंच खरं वन्सं. तुमचं कधी खोटं होतं?"

भांडण स्वयंपाकघरात, भर दुपारी, आणि सगळं कुजबुजत चाललं होतं. जिन्यावरून जाणाऱ्याला वाटलं असतं, दोघी म्हाताऱ्या गुजगोष्टी करताहेत. कुजबुजत भांडणं ही एक विद्या आहे आणि ती त्या घरात लोणच्यासारखी मुरलेली होती. आवाज चढवता येत नाही, म्हणून शब्दाला धार लावावी लागते. भांडं आदळता येत नाही, म्हणून ते खाली ठेवण्यातच राग दिसावा लागतो. भावजयीनं पक्कड ओट्यावर अशी ठेवली की आक्काला कानाखाली बसल्यासारखं झालं, आणि आवाज म्हणून झाला नाही.

"नळाचं जाऊ द्या," भावजय म्हणाली. "तो कॉम्प्युटरचा डबा आज घरातून जाणार. संध्याकाळी भंगारवाला येतोय. सांगून ठेवलंय मी."

"कोणाला विचारून?"

"नवरा माझा, त्याची खोली, त्याचं मशीन. विचारू कोणाला? बाहेरच्या खोलीत वारा येतो, माझे गुडघे धरतात. मला आतल्या खोलीत जागा करून द्या. एवढंच मागतेय. महाल नाही मागत."

"आज नको."

"का नको? तुमचा गेम राहिलाय खेळायचा? या वयात?"

आक्का गप्प बसली. आता आक्का गप्प बसणं म्हणजे काय, हे तिला ओळखणाऱ्यालाच कळेल. ही बाई सिनेमाच्या तिकीट खिडकीवर उभा जन्म बसली होती. हात आत घालता येईल एवढं भोक, आणि पलीकडे हजार तोंडं. "बाई, जागा आहे का?" "जागा नाही." या दोन शब्दांवर तिनं गुंडांना परतवलं होतं, फौजदाराला परतवलं होतं, एकदा तर थेटरच्या मालकाच्या मेव्हण्याला परतवलं होतं. जन्मात कोणाला उत्तर द्यायची राहिली नाही. लग्न केलं नाही, धाकट्या भावाच्या घरात राहिली, पण मिंधी म्हणून एक दिवस राहिली नाही. आणि तीच आक्का आज भावजयीसमोर मान खाली घालून नळाकडे बघत होती.

तिला उत्तर माहीत होतं. तोंडातून निघत नव्हतं, एवढंच.

२

आक्काचा भाऊ पाणीपुरवठ्याच्या पंपावर होता. घरात नातवंडं आली तरी आक्का त्याला बाळ्याच म्हणायची. कायमची रात्रपाळी. सगळं गाव झोपायचं तेव्हा बाळ्या पंपघरात बसून गावाच्या टाक्या भरायचा, आणि सकाळी येऊन झोपायचा. दुपार ही त्या घरची रात्र. दुपारी कुकर लावायचा नाही, खुर्ची ओढायची नाही. "हळू बोला, तो झोपलाय," हे आक्काचं घरातलं वाक्य. आलेला पाहुणासुद्धा उंबऱ्याशी चपलांबरोबर आवाज काढून ठेवायचा.

बाळ्या निवृत्त झाला आणि त्याच्या झोपेचं खोबरं झालं. रात्री पंप नाही आणि दिवसा झोप नाही. गोळ्या झाल्या, काढे झाले, तळपायाला तेल चोळून झालं. डोळ्याला डोळा लागेना. डोळे असे लाल की बघणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं. मग तो घरभर फिरायचा आणि नळ आवळायचा. स्वयंपाकघरातला, न्हाणीतला, बेसिनचा. पंपावरचा माणूस तो, थेंब गळाला तर जीव तुटायचा. असा आवळायचा की सकाळी दोघी बायका पक्कड घेऊन उभ्या. "बाळ्या, अरे नळ आहे की वैऱ्याचा गळा?" आक्का म्हणायची. तो हसायचा. हसताना डोळे मिटायचे, तेवढीच त्यांना विश्रांती.

मग एके दिवशी त्याला आठवलं, शेवटच्या पाळीला त्यानं गंमत म्हणून पंपाचा आवाज टिपून घेतला होता. अख्ख्या रात्रीचा. तो कॉम्प्युटरवर चढवला, लावला. घूं. खाली जाड, त्यावर बारीक शीळ, मधेच एक उचकी आणि पुन्हा घूं. भावजय वैतागून बाहेर गेली. आक्का दारात उभी राहून बघते, तर बाळ्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन झोपलेला. लहान असताना ती थोपटायची तेव्हा झोपायचा, अगदी तसा.

त्यानंतर तो रोज दुपारी पंप लावून झोपला. आणि एका दुपारी झोपला तो उठला नाही. पंप चालूच होता. लोक म्हणाले, मरणाचं सोनं झालं. आक्काला एकच वाटलं, झोप तरी लागली.

खाट माळ्यावर गेली. पण तो आवाज बंद करायला कोणाचा हात उचलेना. आक्कानं बटण फिरवत फिरवत आवाज शून्यावर आणला, लेकराच्या अंगावर पांघरूण घालावं तसा, आणि पडद्यावर कापड टाकलं. मशीन चालूच राहिलं. आत पंप संपायचा आणि पुन्हा पहिल्यापासून लागायचा, मुकाट. ‘राहू दे, वीज ती काय खाते,’ असं ती स्वतःला सांगायची. भावजयीला हे ठाऊक नव्हतं.

३

भिंगरी ही भावजयीची नात, म्हणजे बाळ्याचीही नात. लहानपणी एका जागी टिकायची नाही म्हणून भिंगरी. आता लांब कुठंतरी गेमच्या कंपनीत खोल्या काढायचं काम करते. गेममध्ये माणूस ज्या घरांतून हिंडतो ती घरं काढणारं कोणीतरी लागतंच, ती ही. तिचा फोन आला.

"आक्काआजी, नवा गेम येतोय आमचा. त्यातलं एक घर मी आपलंच काढलंय. ओटा, न्हाणी, आजोबांची खोली, सगळं. तू चालत जाऊन बघ. तुझ्यासाठी बटणांवरचे शब्दसुद्धा मराठीत टाकलेत."

आक्काला मोह झाला. तिला घर बघायचं नव्हतं, घर काय रोजचंच आहे. तिला बघायचं होतं ते, पोरीच्या डोक्यात आपण कसे राहिलोय.

पण गेम नवा आणि मशीन जुनं. दुरुस्तीवाला येऊन बघून गेला. म्हणाला, "आजी, याच्यावर हा गेम म्हणजे सायकलवर कपाट न्यायचं." आक्का म्हणाली, "मी नेलंय." त्यानं हात जोडले, कुठल्यातरी मेलेल्या मशीनमधली मेमरी काढून यात बसवली आणि सांगितलं की बाकीचं देवाच्या हवाली. मशीन परत चालू झालं तेव्हा आक्कानं आधी काय केलं असेल, तर तो मुका पंप पुन्हा लावला. सवय.

गेम चढायला लागला आणि मधेच अडला. चौकोन आला: ‘पुरेशी जागा नाही.’

आक्काला हसू फुटलं. अख्खा जन्म जगाला जागा नाही सांगितलं, आज हे डबडं मला सांगतंय! खाली बटण होतं: ‘जागा करा.’ तिनं भिंगरीला फोन लावला.

"दाबू?"

"दाब. आता यादी दिसेल. सगळ्यात जड काय आहे?"

"पंप."

"ते काय असतं?"

"काही नाही गं. नुसतं घूं घूं."

"मग उडव की. फोटोंना हात लावू नकोस."

आक्का थांबली. बाहेरच्या खोलीत भावजय तोंडावर पदर घेऊन पडली होती. चार पावलांवर होती. उठून विचारायचं, अगं, काढू का? एवढंच होतं. पण आक्कानं आयुष्यात कोणाला विचारून काही केलं नव्हतं. झोपणारा गेला, आता अंगाई कोणाला हवी, असा विचार करून तिनं दाबलं.

पुन्हा चौकोन: ‘ही फाईल वापरात आहे. तरीही काढायची?’

"वापरात? कोण वापरतंय?" आक्का पुटपुटली. आणि ‘हो’वर दाबलं.

मशीन क्षणभर गप्प झालं. मग पडद्यावर दोन शब्द आले: ‘जागा झाला.’

"भिंगरे, मराठी विसरलीस वाटतं," आक्का फोनमध्ये म्हणाली. "जागा ती. जागा झाली म्हणतात. झाला काय?"

"काय झाला?"

"तू लिहिलंयस ना इथं. जागा झाला."

"नाही गं. मी ‘जागा करा’ एवढंच लिहिलंय. पुढं काही येतच नाही, सरळ गेम चढायला लागतो."

आणि खरंच, तोवर गेम चढायला लागला होता.

४

गेम लागला, पण म्हातारीनं जिना चढावा तसा. पाऊल टाकलं की चित्र अडायचं आणि मग दोन पावलं पुढं गेलेलं असायचं. भिंगरीनं फोनवरून युक्ती सांगितली: नको ते बंद करत जा. सावल्या बंद कर. खिडकीबाहेरचं बंद कर. भिंतींचा पोत, भांड्यांची चमक, पडद्यांचं हलणं, सगळं मशीनला ओझं.

आक्का एकेक बंद करत गेली. आणि घर उघडं पडत गेलं. सावल्या गेल्या तशी टेबलं जमिनीपासून सुटल्यासारखी दिसायला लागली. खिडकीबाहेर नुसता राखी रंग. ओट्यावरची भांडी गेली, दोरीवरचे टॉवेल गेले. राहिल्या भिंती, दारं आणि नळ. पण घर आपलंच होतं. न्हाणीच्या दाराची खालची फळी जिथं कुजलीय, तिथंच पोरीनं कुजवली होती. आक्काचा ऊर भरून आला.

मग ती बाळ्याच्या खोलीत शिरली. तिथं खाट होती. खाटेवर पांघरूण, आणि पांघरुणाखाली कोणीतरी भिंतीकडे तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन पडलेलं.

"अगं, आजोबांना निजवलंयस होय गं," ती फोनवर म्हणाली. आवाज आपोआप खाली गेला होता.

"कुठं?"

"खाटेवर."

"खाट मी काढलीच नाहीये, आक्काआजी. खाट माळ्यावर टाकलीत ना तुम्ही? मी टेबल ठेवलंय तिथं. जुन्या मशीनवर काहीतरी भलतंच दिसत असेल. चित्रं सरमिसळ होतात कधी."

झालं असेल. आक्काला हे पटण्यासारखं होतं. थेटरात रीळ तुटायचं, ऑपरेटर ते जोडायचा, आणि जोडताना मधला तुकडा जायचा. नायक दारात असायचा तो एकदम पलंगावर. लोक शिट्ट्या मारायचे. तसंच हे. कुठलातरी तुकडा गेलाय आणि कुठला तरी जोडलाय.

दुसऱ्या दुपारी ती पुन्हा गेली. खाटेवरचं माणूस आता पाठीवर होतं. मधला तुकडा गेला, ती स्वतःला म्हणाली. तिनं चित्राचा बारकावा आणखी उतरवला, इतका की दाराच्या कडासुद्धा पायऱ्यांसारख्या झाल्या. त्या खोलीतलं होतं नव्हतं ते सगळं पुसट झालं. पांघरुणाच्या घड्या मात्र तशाच, एकेक मोजून घ्याव्यात अशा.

तिसऱ्या दुपारी पांघरूण पायाशी ढकललेलं होतं आणि खाट रिकामी.

आक्कानं हात मागे घेतला. घर शांत होतं, दुपारचं, सवयीचं. भावजय बाहेर घोरत होती. आणि स्वयंपाकघरातून आवाज आला. धातूवर धातू घासल्याचा, छोटा. जुना नळ शेवटच्या फेऱ्याला कुरकुरतो तसा.

ती जाऊन बघून आली. कोणी नव्हतं. तिनं नळाला हात घातला. हलेना.

५

दुरुस्तीवाला पुन्हा आला. आक्कानं त्याला दार लावून विचारलं, "काढून टाकलेलं परत आणता येतं का?"

"काय होतं?"

"आवाज होता."

त्यानं बराच वेळ खटपट केली. मग मान हलवली. "त्याच्या जागेवर गेम जाऊन बसलाय, आजी. खालचं पुसलं गेलं. दुसरीकडे कुठं ठेवला नव्हतात?"

ठेवला नव्हता. आक्कानं पंपघरालाही फोन करून पाहिला. तिथं कोण्या तरुणानं सांगितलं, जुना पंप केव्हाच काढला, नव्याला आवाजच नाही.

"मग हे मशीन बंद तरी करून टाकू?" दुरुस्तीवाल्यानं विचारलं.

"नको," आक्का म्हणाली. तो बघतच राहिला, इतक्या घाईनं म्हणाली.

बंद कसं करणार? पडद्यावर कुठलं दार उघडं, कुठला नळ आवळलेला, त्यावरून निदान कळत होतं, तो कुठल्या खोलीत आहे. दिसत नव्हता कधी. म्हणजे, एकदाच दिसला. ती गेममधल्या स्वयंपाकघरात शिरली, चित्र अडलं, आणि त्या अडलेल्या क्षणी ओट्यापाशी एक पाठ होती. खांदा वाकलेला, उजवा हात नळावर. चेहरा नाही दिसला. पण मान वळायला लागली होती, आणि ज्या बाजूला वळत होती तिकडून डोळ्याची कड दिसली. लाल.

चित्र सुटलं तेव्हा ओटा रिकामा होता. आक्का तिथंच बसून रडली, पदर तोंडात कोंबून, कारण दुपार होती.

भ्यायली होती ती, नाही असं नाही. पण भीतीपेक्षा दुसरंच काहीतरी तिला खात होतं. जन्मभर रात्री जागलेला, मग झोपेला तरसलेला माणूस. एकदाचा झोपला होता. कोणाला काही मागत नव्हता, शून्य आवाजातला पंप ऐकत पडला होता. आणि मी एका खेळापायी… यापुढचं ती मनातसुद्धा म्हणायची नाही.

मग तिनं एक वेडगळ गोष्ट सुरू केली. दुपारी भावजय लवंडली की ती रिकाम्या खोलीत जायची, जिथं खाट असायची तिथं जमिनीवर बसायची, ओठ मिटायची आणि घशातून आवाज काढायची. घूं. खाली जाड. बारीक शीळ तिला जमायची नाही, श्वास पुरायचा नाही. मधली उचकी मात्र आपोआप यायची. ती जमीन थोपटायची. लहानपणी तो असाच झोपायचा, आक्काची मांडी मिळाली की पुरे.

एका दुपारी तिला वाटलं, जमलं. खोली जड झाली, थंड झाली, शेजारी कोणी आडवं व्हावं तशी. तिनं डोळे मिटून घेतले, श्वास ताणला, घूं… आणि श्वास तुटला. दम्याची बाई ती. खोकला आला. खोकला थांबला तेव्हा न्हाणीतला नळ कुरकुरत होता.

६

"बोला की," भावजय कुजबुजली. "तोंडात काय धरलंय?"

पक्कड ओट्यावर तशीच होती. बाहेर ऊन उतरायला लागलं होतं. भंगारवाल्याची वेळ होत आली होती.

"मशीन नेऊ नको," आक्का म्हणाली. "खोली घे हवी तर. तुझी खाट टाक. मी बाहेर झोपते. पण मशीन राहू दे."

"खोलीत मशीन असताना मी झोपू? त्याच्या उजेडात? आणि दुपारी तुम्ही येणार आत, घूं घूं करायला?"

आक्कानं मान वर केली.

"ऐकलंय मी," भावजय म्हणाली. तिच्या कुजबुजीला आता कंप होता. "मला वाटलं, वन्संचं डोकं फिरलं. मला वाटलं, यांना सांभाळायचं मी एकटीनं. रात्रभर नळ आवळत हिंडता. सकाळी म्हणता मी नाही. मी काय आंधळी आहे? यांच्यासारखंच सगळं. यांच्यासारखाच नळ आवळायचा, यांच्यासारखाच आवाज काढायचा. कशाला? मला रडवायला? मी नाही रडले का पुरेशी?"

"मी नळ आवळत नाही गं."

"मग कोण? दोघीच तर आहोत घरात!" भावजयीचा आवाज तरीही खालीच होता, इतक्या वर्षांचा खाली. "सांगा ना. कोण आवळतं? आणि त्यांचा तो पंप कुठाय? मी काल लावायला गेले, एकदा ऐकावा म्हणून, तर नाहीच तिथं. कुठं गेला तो?"

आक्काला वाटलं, आता सांगावं. की मी काढला. तुला न विचारता काढला. जागा करायची होती.

न्हाणीत काहीतरी कुरकुरलं. भावजयीनंही ऐकलं. तिचा चेहरा दाराकडे वळला आणि तिथंच राहिला, आणि सवयीनं तिचं बोट ओठांवर गेलं.

आक्कानं पुढं होऊन ते बोट ओठांवरून काढलं, आपल्या हातात धरलं, आणि त्या घरात दुपारच्या वेळी कोणी कधी बोललं नव्हतं एवढ्या मोठ्या आवाजात म्हणाली, "आता कुजबुजू नकोस गं, तो जागा आहे."